ग्रीन टी की गोळी? बाबांचा चहा आणि त्यांचा लिपिड प्रोफाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ५७ वर्षांचे. गेल्या महिन्यातल्या तपासणीत टोटल कोलेस्टेरॉल २४९, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३७, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४८. एचबीएवनसी ६.१, म्हणजे शुगर काठावर. त्यांच्या थोरल्या भावाला ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. डॉक्टरांनी ॲटोर्व्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आहे, पण बाबा म्हणतात, "आधी तीन महिने ग्रीन टी पिऊन बघतो, गोळी एकदा लागली की सुटत नाही." सध्या दिवसाला पाच कप चहा होतो, तोही म्हशीच्या दुधाचा. तो बंद करायचा का? शिवाय आईनेही त्यांच्यासोबत ग्रीन टी सुरू केला आहे आणि तिला थायरॉइडची गोळी चालू आहे, तर चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. बाबांनी गोळी सुरू करावी. ग्रीन टी आवडत असेल तर खुशाल प्यावा, पण गोळीच्या जागी नाही. नेहमीचा चहा बंद करायची गरज नाही, त्यात पडणारं दूध आणि साखर मात्र मोजायची गरज आहे. आईच्या बाबतीत चहा कोणता यापेक्षा तो किती वाजता घेते हे महत्त्वाचं, त्याबद्दल शेवटी लिहितो.

चहाच्या पानात काही गुण नाही, असं माझं म्हणणं नाही. ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा एकाच झाडाचे. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवतात, त्यामुळे पानातली कॅटेचिन नावाची द्रव्यं टिकून राहतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं ईजीसीजी. आपल्या चहाची पानं चुरडतात, फाडतात, वळवतात आणि हवा लागू देतात. डब्यातली दाणेदार पावडर बहुतेक या सीटीसी पद्धतीची असते. हवेशी संयोग झाला की कॅटेचिनपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात, चहाचा तांबूस रंग त्यांचा. म्हणजे आपल्या चहातली उपयोगी द्रव्यं नाहीशी होत नाहीत, त्यांचं रूप बदलतं.

ही द्रव्यं रक्तात फार थोडी उतरतात. त्यांचं काम मुख्यतः आतड्यात चालतं. कोलेस्टेरॉल शोषलं जायचं तर ते आधी पित्तरसाच्या मदतीने बारीक कणांत विरघळावं लागतं. कॅटेचिन तिथे आडवी येतात आणि थोडं कोलेस्टेरॉल न शोषता शौचावाटे निघून जातं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये आणखीही एक गोष्ट दिसली आहे: यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर वाढतात. स्टॅटिनमुळेही (बाबांची गोळी याच गटातली) शेवटी हेच घडतं, म्हणून ही गोष्ट जाहिरातीत फार आवडीने सांगितली जाते. पण पेशींवर ओतलेला अर्क आणि बाबांच्या कपातला चहा यांच्या प्रमाणात मोठं अंतर आहे.

मग प्रत्यक्ष माणसांत किती फरक पडतो? यावर भरपूर काम झालं आहे. २०११ साली ग्रीन टीच्या १४ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. टोटल कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी ७ मिलिग्रॅमने आणि एलडीएल सुमारे २ मिलिग्रॅमने उतरलं, एचडीएल जागचं हललं नाही. २०२० साली ३१ चाचण्या आणि तीन हजारांवर माणसं घेऊन पुन्हा हिशेब झाला, तेव्हा एलडीएलमधली घट साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. हा मोठा आकडा धरला तरी बाबांचं १६२ उतरून १५७ होईल. एकच नमुना दोन लॅबमध्ये दिला तरी कधीकधी एवढा फरक येतो. ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ३५ ते ४० टक्के खाली येतं, म्हणजे १६२ चं ९७ ते १०५. दोन्ही चांगल्याच गोष्टी, पण एक दुसरीच्या जागी बसत नाही.

याहून मोठे आकडे दाखवणारे अभ्यासही सापडतील. २००३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात रोज पाच वेळा कोरा काळा चहा दिल्यावर एलडीएल ११ टक्के उतरलं होतं. ऐकायला झकास. पण त्यात माणसं होती १५, खाणं पूर्णपणे संशोधकांनी पुरवलेलं, आणि मुदत काही आठवड्यांची. कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये काळ्या आणि हिरव्या चहाच्या दीर्घ चाचण्या तपासल्या तेव्हा कसोटीला उतरणाऱ्या फक्त ११ मिळाल्या, सगळी मिळून ८२१ माणसं. फायदा दिसतो, पण इतक्या थोड्या पुराव्यावर ठाम बोलता येत नाही, असाच त्यांचा सूर होता. चहावरच्या संशोधनाला चहा कंपन्यांचा पैसाही बऱ्यापैकी लागलेला आहे. म्हणून ते खोटं ठरत नाही, पण मथळा वाचताना हे डोक्यात असावं.

कोलेस्टेरॉल बाजूला ठेवून थेट हृदयाचं बघितलं तर चहाची बाजू जरा बळकट होते. नेदरलँड्समधल्या झुत्फेन गावच्या वृद्ध पुरुषांचा अभ्यास १९९३ साली आला. आहारातून जास्त फ्लॅव्होनॉइड (कॅटेचिन ज्यात मोडतात तो वनस्पतीतल्या द्रव्यांचा गट) घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी होते, आणि त्या लोकांच्या फ्लॅव्होनॉइडचा मोठा वाटा काळ्या चहातून येत होता. जपानच्या मियागी प्रांतात ४० हजारांवर लोकांचा १९९४ पासून मागोवा घेतला. रोज पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू एका कपाहून कमी पिणाऱ्यांपेक्षा सुमारे २६ टक्के कमी निघाले. फरक स्त्रियांमध्ये जास्त होता, आणि हार्ट अटॅकपेक्षा पक्षाघाताच्या बाबतीत अधिक स्पष्ट. ब्रिटनमध्ये जवळपास पाच लाख लोकांच्या माहितीवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. तिथे बहुतेक सगळे काळा चहा पितात. रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांत एकूण मृत्यूंचं प्रमाण ९ ते १३ टक्क्यांनी कमी होतं, दूध-साखर घालणाऱ्यांतही.

यावर आपल्याकडे मथळे झळकले, 'दुधाचा चहा प्या, दीर्घायुषी व्हा'. ते वाचून माझे दोन पेशंट विजयी मुद्रेने ओपीडीत आले होते! दोघांनाही मी हेच सांगितलं: ब्रिटिश माणसाचा दुधाचा चहा म्हणजे तयार कोऱ्या चहात वरून सोडलेलं जरासं दूध. आपला चहा म्हणजे अर्धं दूध, अर्धं पाणी, वर साखर, आणि सगळं मिळून उकळलेलं. नाव एक असलं तरी पेय वेगळं आहे. शिवाय हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. मियागीतला ग्रीन टी पिणारा माणूस बिनसाखरेचा पितो, सोबत मासे, सोयाबीन, भाज्या खातो. फायद्यातला किती वाटा चहाचा आणि किती बाकीच्या राहणीचा, हे अशा अभ्यासातून पुरतं वेगळं काढता येत नाही.

दुधाने चहाचे गुण मारले जातात का, हा प्रश्न पुण्या-मुंबईचे पेशंट हमखास विचारतात. याचं मूळ बर्लिनच्या २००७ सालच्या एका प्रयोगात आहे. १६ स्त्रियांना कोरा काळा चहा दिल्यावर हाताच्या धमनीची प्रसरण पावण्याची क्षमता सुधारली, दूध घातलेला दिल्यावर सुधारली नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅटेचिनला धरून ठेवतं, असं त्यांनी मांडलं. पण त्याआधीच्या एका डच अभ्यासात दूध घातल्याने कॅटेचिन रक्तात उतरण्यात काही फरक पडला नव्हता. मला विचाराल तर हा वाद आपल्यासाठी गौण आहे. आपल्याकडच्या दुधाचा प्रश्न केसीनचा नाही, सायीचा आहे.

आता बाबांच्या रिपोर्टकडे बघा. बहुतेक घरांत रिपोर्ट आला की सगळ्यांची बोटं एलडीएलवर. मी आधी ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल बघतो, कारण आपल्या लोकांचं दुखणं तिथे जास्त आहे. आयसीएमआर-इंडियाब नावाच्या पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगडमधले लोक तपासले होते. एलडीएल वाढलेले जेमतेम १२ टक्के निघाले, ट्रायग्लिसराइड वाढलेले जवळपास ३० टक्के, आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ७२ टक्के. बाबांचे ३७ आणि २४८ हे आकडे नेमके याच साच्यातले आहेत. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात तेला-तुपापेक्षा साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर यांचा हात मोठा असतो. जास्तीच्या साखरेचं यकृत ट्रायग्लिसराइड बनवतं आणि रक्तात सोडतं. त्यामुळे दारू न पिणाऱ्या माणसाचे ट्रायग्लिसराइड अडीचशेच्या घरात दिसले की मी पहिला प्रश्न चहाचा विचारतो. किती कप, साखर कोण घालतं, आणि सोबत काय.

एकदा घरी हा प्रयोग करा. बाबांचा चहा ज्या चमच्याने होतो त्याच चमच्याने, त्याच हाताने, दिवसभराच्या सगळ्या कपांची साखर एका वाटीत काढा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम, पण घरात सपाट चमचा कोणी घालत नाही. दोन सपाट चमचे जरी धरले तरी कपाला ८ ग्रॅम, पाच कपांना ४० ग्रॅम. महिन्याला एकट्या बाबांच्या नावावर सव्वा किलो साखर, फक्त चहाची. वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन हजार उष्मांकाच्या आहारात ते ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. ही वाटी समोर ठेवल्यावर माणूस जेवढा विचारात पडतो तेवढा माझ्या व्याख्यानाने पडत नाही.

आता दूध. म्हशीच्या न काढलेल्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. कपात ६० मिलिलिटर दूध धरलं तर ४ ग्रॅम फॅट, पाच कपांत २०. दुधातल्या फॅटचा जवळपास दोन तृतीयांश भाग सॅच्युरेटेड, म्हणजे १२-१३ ग्रॅम. ज्याचं एलडीएल वाढलेलं आहे त्याने सॅच्युरेटेड फॅट एकूण उष्मांकाच्या ७ टक्क्यांत ठेवावं, असा जुना ठोकताळा आहे. १८०० उष्मांकांना ते १४ ग्रॅम होतं. म्हणजे वरणावरचं तूप, पोळीचं तेल, रविवारचं मटण यातलं काही खायच्या आधीच बाबांचा दिवसाचा कोटा नुसत्या चहात संपत आलेला असतो. तेच दूध टोन्ड, ३ टक्क्यांचं वापरलं तर सहाएक ग्रॅम, डबल टोन्ड वापरलं तर तीन. दुधातलं फॅट लोण्याइतकं एलडीएल चढवत नाही असं अलीकडचं संशोधन सांगतं, ते मला मान्य आहे. पण इथे वाट्याला आलेलं प्रमाणच एवढं आहे की त्या सवलतीचा फार उपयोग नाही.

आणि हे मोजलेले कप झाले. न मोजलेल्यांचं काय? मी प्रॅक्टिस करतो तिथे जवळच मार्केट यार्ड आहे. अडत्याच्या गादीवर येणाऱ्या प्रत्येकाला चहा, आणि प्रत्येकाबरोबर मालकालाही घोटभर. त्या माणसाला दिवसाचे कप विचारले तर तो घरचे दोनच सांगतो. कटिंग तो मोजतच नाही. चहा हा आपल्या हिशेबात खाण्यात धरलाच जात नाही. 'सकाळपासून काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला', हे वाक्य रोज कानावर येतं. एकादशीच्या कडक उपासालाही चहा चालतो. फास्टिंग शुगरचा नमुना द्यायला आलेली माणसंसुद्धा अर्धा कप घेऊन आलेली असतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. अर्ध्या कपाने एलडीएल बदलत नाही, पण शुगर बदलते आणि ट्रायग्लिसराइड थोडे हलू शकतात. तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना बाबांनी फक्त पाणी पिऊन जावं.

अमृततुल्यात मिळणारा चहा आवडतो तर आठवड्यातून एखाद्या वेळी प्या, तो गोड आणि दाट असतो म्हणूनच आवडतो, त्याला औषधी ठरवायला जाऊ नका. गुळाच्या चहाची दुकानं गावोगाव निघाली आहेत आणि 'साखर बंद केली डॉक्टर, आता गुळाचा पितो' असं अभिमानाने सांगणारे वाढले आहेत. थोडं पाणी आणि थोडे क्षार सोडले तर गुळात बाकी साखरच असते. यकृताला फरक कळत नाही. ग्रीन टीत घातलेल्या मधाचंही तेच. ऑफिसातल्या मशीनचा चहा बहुधा प्रिमिक्सचा असतो, त्यात साखर आधीच मिसळलेली असते आणि काहींत दुधाच्या जागी वनस्पती तेलाची पावडर. पाकिटावरचे घटक एकदा वाचा.

चहापेक्षाही घातक कपाशेजारच्या बशीतलं असतं, आणि त्यावर मी पेशंटशी सगळ्यात जास्त वाद घालतो. खारी. ती पापुद्र्यापापुद्र्याची व्हायची तर साध्या तापमानाला घट्ट राहणारं फॅट थरांमध्ये लागतं, पातळ तेलाने ती होतच नाही. खारीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, फॅट असतं. पूर्वी हे काम वनस्पती तुपाने व्हायचं, ट्रान्स फॅटने भरलेल्या. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच्या जागी आलेलं पामचं घट्ट फॅट सॅच्युरेटेड आहे, एलडीएल तेही वाढवतं. टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटं याच पंगतीतली. मारी बिस्किट पचायला हलकं म्हणून चार-चार खाणारेही आहेत. तो मैदा आणि साखरच. चहासोबत काहीतरी लागतंच असेल तर मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे. चुरमुरे चालतील, पण फरसाण न मिसळता.

टपरीवर चहासोबत सिगारेट किंवा मावा चालत असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी तो सोडवा. बाबांबद्दल तसं काही लिहिलेलं नाही, पण घरच्यांना माहीत नसतं असंही पुष्कळदा होतं.

रक्तदाबाचं थोडक्यात. चहातल्या कॅफिनने प्यायल्यावर तासाभरात दाब जरासा चढतो, म्हणून बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा घेऊ नये. नियमित पिणाऱ्यांत उलट किंचित उतार दिसतो. ऑस्ट्रेलियात रोज तीन कप काळा चहा सहा महिने दिल्यावर वरचा आकडा २ ते ३ ने कमी राहिला होता. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ठीक मानलं आहे. चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम येतं, त्यामुळे चार-पाच कपांनी मर्यादा सहसा ओलांडत नाही. छातीत धडधड होणाऱ्यांनी, झोप न येणाऱ्यांनी संध्याकाळनंतर थांबावं.

आता गोळीची भीती. 'एकदा लागली की सुटत नाही' हे खरं आहे, पण त्यात व्यसनासारखं काही नाही. गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळ पातळीवर जातं, कारण शरीराची ठेवण तीच असते. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं, त्यातलाच प्रकार. बाबांच्या बाबतीत मी गोळीच्या बाजूने ठाम का, तर एकट्या १६२ मुळे नाही. सख्ख्या भावाला ५५च्या आत अटॅक, शुगर काठावर, एचडीएल कमी, वय ५७, हे सगळं एकत्र आल्यामुळे. टोटलमधून एचडीएल वजा करा: २४९ वजा ३७ म्हणजे २१२. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात एलडीएलपेक्षा हाच आकडा जास्त खरं सांगतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे कमी धोक्याच्या माणसातही हा १३०च्या खाली आणि एलडीएल १००च्या खाली हवं. धोका जास्त असेल तर लक्ष्य आणखी खाली. चहाने २१२ चे १३० होत नाहीत.

हाच प्रश्न तिशीतल्या, एलडीएल १३५ असलेल्या, घरात कोणाला हृदयविकार नसलेल्या माणसाने विचारला असता तर मीही 'तीन महिने खाणं सुधारून, चालून बघू' असंच म्हटलं असतं. स्टॅटिनमुळे काठावरची शुगर किंचित पुढे सरकू शकते, हेही खरं आहे. पण बाबांसारख्याला होणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगायचं, स्वतःहून गोळी बंद करायची नाही. भावाचा इतिहास बघता लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ती पातळी जन्मजात असते, चहाने, पथ्याने, व्यायामाने ती हलत नाही. पण ती वाढलेली निघाली तर एलडीएल आणखी खाली ठेवावं लागतं, आणि तुम्हा मुलांनाही तपासून घ्यावं लागेल.

चहात बदल असे करा. पाचाचे तीन कप. साखर एकदम तोडली तर माणूस चार दिवसांत बंड करतो, म्हणून दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ सवयीची आहे, दोन महिन्यांत पूर्वीचा चहा तिला पाकासारखा लागतो. गोडाची उणीव आलं, वेलची, गवती चहा बऱ्यापैकी भरून काढतात. दूध डबल टोन्ड, किंवा म्हशीचंच हवं असेल तर तापवून, गार करून साय पूर्ण काढलेलं, आणि तेही पातेल्यात पाव हिस्सा. दुपारचा एक कप कोरा, लिंबू पिळून. हवा तर तोच ग्रीन टी असू दे. ग्रीन टीला खळखळ उकळी देऊ नका, तो कडू होतो आणि मग लोक मध घालतात. यासोबत रात्री दोन चमचे इसबगोल पाण्यातून घेतला तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं, म्हणजे ग्रीन टीच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त, आणि खर्च त्याहून कमी. कौतुक मात्र त्याचं कोणी करत नाही. गोळी आणि इसबगोल एकाच वेळी घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. गोळीने एलडीएल उतरलेलं दिसेल. ट्रायग्लिसराइडचा आकडा मात्र साखरेची वाटी किती रिकामी झाली ते सांगेल.

दोन गोष्टी टाळा. एक, ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल. कपातून प्यालेल्या ग्रीन टीने यकृताला सहसा काही होत नाही, पण अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम वाढलेली आढळली आहेत, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये तसा इशारा दिला आहे. स्टॅटिनसोबत तर यकृतावर हा जादा भार नकोच. दुसरी, ज्येष्ठमध घातलेले 'हर्बल टी' आणि काढे. ज्येष्ठमध रोज आणि बरंच घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. घशासाठी दोन दिवस घेतलेला काढा वेगळा, वर्षभर रोज दोन कप वेगळे. घरात कोणी वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर ग्रीन टी अचानक सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

आता आईचं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, काही घ्यायचं नाही. हे पाकिटावर लिहिलेलं असतं, पण सकाळी सहाला चूल पेटली की पहिला चहा आणि गोळी एकत्रच जातात. दुधातलं कॅल्शियम गोळीचं शोषण कमी करतं. गोळी नीट लागू पडली नाही की थायरॉइड मंद राहतो, आणि थायरॉइड मंद असला की यकृत एलडीएल रक्तातून नीट उचलत नाही. कोलेस्टेरॉल वाढण्याचं हे एक नेहमीचं आणि नेहमी नजरेआड होणारं कारण आहे. माझ्याकडे एका बाईंचं एलडीएल स्टॅटिनचा डोस वाढवूनही उतरत नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, थायरॉइडची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळायची, वर्षानुवर्षं. गोळी पहाटे पाण्याने आणि चहा तासाभराने, एवढाच बदल केला. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) जागेवर आला आणि पाठोपाठ एलडीएलही.

तेव्हा आईला आधी हे विचारा. ग्रीन टी तिला चालेल, पण गोळीनंतर तासाभराने. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या आगेमागे एक तास कुठलाच चहा नको, कारण चहातली टॅनिन लोह शोषू देत नाहीत. वेळ बदलून सहा ते आठ आठवडे झाले की टीएसएच तपासा, तो फार खाली गेला असेल तर थायरॉइडचा डोस कमी करावा लागू शकतो. तिचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर त्यावर गोळी द्यायची की नाही हे टीएसएच जागेवर आल्यानंतरच ठरवायचं.